बाटली खाली ठेवा, आधी श्वास मोजा

पत्र (थोडं छोटं केलंय): "दादा, माझा 300 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचं, कोरल असलेलं अक्वेरियम) आहे. दोन क्लाऊनफिश, एक रॉयल ग्रामा, क्लीनर श्रिम्प, थोडे सॉफ्ट कोरल आणि महिन्याभरापूर्वी आणलेला यलो टँग. काल सकाळी टँग पॉवरहेडला (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाला) चिकटलेला दिसला, हाताने सोडवायला गेले तर त्याने शेपटीने माझं बोट कापलं. त्याच्या एका बाजूला खरचटलंय, वरचा पर फाटलाय आणि त्याच बाजूचा डोळा फुगून पांढुरका झालाय. शेपटीवर बारीक पांढरे ठिपके पण आहेत असं वाटतंय. दगडामागे लपून बसलाय, खात नाहीये. ओळखीतला एक जण म्हणतो आजच कॉपर (तांब्याचं औषध) टाक, दुसरा म्हणतो गोड्या पाण्यात बुडवून काढ, तिसरा म्हणतो मीठ कमी कर. हॉस्पिटल टँक (आजारी माशासाठी वेगळा टँक) माझ्याकडे नाही. काय करू? आणि त्याला फार त्रास होत असेल तर थांबायचं कधी?"

ताई, कॉपरची बाटली आणली असेल तर झाकण न उघडता तशीच ठेवून द्या. मुख्य टँकमध्ये कॉपर पडलं की श्रिम्प जाणार, कोरल जाणार, दगडातले किडे, गोगलगायी सगळं जाणार, आणि एवढं होऊन माशाला उपयोग होईलच असंही नाही, कारण लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले टँकमधले दगड) आणि वाळू कॉपर शोषून घेतात, टेस्टमध्ये आकडा खाली येतो म्हणून आपण अजून टाकतो, आणि पुढे कितीतरी महिने तेच कॉपर थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. बाकीच्या दोघांचंही आज ऐकू नका. गंमत म्हणजे तिघांनी सांगितलेले तिन्ही उपाय खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या दुखण्यांचे आहेत, आणि तुमच्या माशाला नक्की कुठलं दुखणं आहे हे त्यांच्यापैकी एकानेही बघितलेलं नाही.

मला तुमच्या पत्रात जखमेपेक्षा पॉवरहेड जास्त खटकला. धडधाकट टँग पॉवरहेडला सहसा चिकटत नाही हो, ताकदीचा मासा आहे तो, प्रवाहाच्या उलट तासन् तास पोहतो. चिकटला याचे दोनच अर्थ मला दिसतात. एक, रात्री काहीतरी दचकण्यासारखं झालं, अचानक लाईट लागला किंवा कोणी पाठलाग केला, तो सैरावैरा पळाला, दगडावर आपटला आणि मग अर्धमेला होऊन तिथे ओढला गेला. दुसरा, तो आधीपासूनच आजारी होता, अंगात जोर नव्हता म्हणून अडकला, म्हणजे जखम नंतरची आणि आजार आधीचा. पहिल्यात औषध जवळपास लागतच नाही, दुसऱ्यात औषधाशिवाय मासा जातो. म्हणून आजचं सगळं काम हे ओळखण्याचं आहे, आणि त्याला बाटली नाही, घड्याळ लागतं.

टँकपासून चार हात लांब बसा, हलू नका, तो दगडाच्या फटीतून दिसेल तेव्हा कल्ल्यांची उघडझाप 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. मग तसंच रॉयल ग्रामाचं मोजा, क्लाऊनचं मोजा. नेटवर नॉर्मल आकडे मिळतात पण मला ते फार पटत नाहीत, माशागणिक फरक असतो, त्यापेक्षा टँगचा श्वास आज सकाळी किती, संध्याकाळी किती, उद्या किती, हे लिहून ठेवा. वाढत चाललाय का ते बघायचंय. तोंड उघडं ठेवून धापा टाकतोय का, एकाच बाजूचा कल्ला चालतोय का, पृष्ठभागाशी येऊन किंवा पाणी पडतं त्या कोपऱ्यात उभा राहतोय का, आणि आठवून बघा, अडकायच्या आधी दोन-तीन दिवस तो मुद्दाम पॉवरहेडच्या झोतात तोंड करून उभा राहायचा का, लाईट लागला की लपायचा का. हे असं असेल तर माझा संशय थेट वेल्वेटवर, म्हणजे कल्ल्यांवर आणि कातडीवर बसणाऱ्या एका बारीक परजीवीवर जाईल. वेल्वेट आधी कल्ल्यांमध्ये बसतो, अंगावर दिसेपर्यंत मासा गुदमरायला लागलेला असतो, आणि मग हातात दिवस नाही, कधीकधी तासच असतात.

ठिपक्यांबद्दल. टँकचे लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च माशाच्या समोरून नाही तर तिरका, बाजूने मारा. मिठाचे दाणे चिकटल्यासारखे सुटे सुटे, मोजता येतील असे ठिपके असतील तर इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग. पिठी भुरभुरल्यासारखा बारीक थर असेल, मोजताच येत नसेल आणि रंगावर साय आल्यासारखं वाटत असेल तर वेल्वेट. आणि दोन्ही नसेल अशीही बरीच शक्यता आहे बरं का, खरचटलेल्या जागी चिकट स्राव सुटतो, त्याला वाळूचे कण आणि बारीक बुडबुडे चिकटतात आणि आपण घाबरून त्यालाच इच म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिथेच आहेत का बघा. फक्त एक लक्षात असू द्या, इचचे ठिपके साधारण 3 ते 7 दिवसांत आपोआप गळून पडतात आणि लोक म्हणतात बरा झाला, प्रत्यक्षात तो परजीवी खाली वाळूत जाऊन गाठ करून बसलेला असतो, आणि तिथून शेकड्याने पिल्लं बाहेर येतात. तेव्हा ठिपके गेले म्हणून निश्चिंत होऊ नका, परत येतायत का ते पुढचे काही आठवडे बघायचं.

अजून एक, सकाळी लाईट लागायच्या आधी टॉर्च मारलात तर यलो टँग फिका दिसेल, अंगावर मधोमध तपकिरी डाग आणि त्यात आडवा पांढरा पट्टा असा. तो त्याचा रात्रीचा रंग आहे, थोड्या वेळात परत पिवळाधमक होतो. यावरून लोकांनी अँटिबायोटिक सुरू केलेली मी बघितलीयेत, म्हणून सांगून ठेवतो.

आता डोळा. एकच डोळा फुगलाय आणि तो खरचटलेल्या बाजूचाच आहे, ही खरं तर बरी बातमी आहे. दोन्ही डोळे एकदम बाहेर येतात तेव्हा आत काहीतरी बिघडलेलं असतं, इन्फेक्शन किंवा पाण्याचा मोठा घोटाळा, पण एकाच बाजूला असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो. पांढुरकेपणा म्हणजे डोळ्याच्या काचेवर ओरखडा. स्वच्छ पाण्यात हा ओरखडा काही दिवसांत निवळतो, फुगीरपणा मात्र रेंगाळतो, आठवडेही लागतात, आणि कधी कधी नजर जाते पण मासा एका डोळ्यावर मजेत जगतो. सुई टोचून हवा काढायचे व्हिडिओ दिसतील, त्या वाटेला जाऊ नका. दुसरा डोळाही फुगायला लागला तर गोष्ट बदलली असं समजा.

जखमेचं असं आहे की ती कशी दिसते यापेक्षा कशी बदलते हे महत्त्वाचं. रोज एकाच वेळी, एकाच बाजूने फोटो काढा. कडा स्वच्छ आहेत, आकार तेवढाच आहे, मधला लालपणा हळूहळू फिका होतोय, मग जागच्या जागी राहू द्या. कडा लाल होऊन पसरतायत, खड्डा खोल होतोय, परांच्या मुळाशी लाल रेघा येतायत, तर बॅक्टेरियाने शिरकाव केलाय आणि वाट बघायची वेळ संपली. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर कोणीतरी हमखास फंगसचं औषध सुचवेल, पण गोड्या पाण्यातल्या माशांवर जी कापशी बुरशी येते ती समुद्री खारटपणात तगत नाही, खाऱ्या टँकमध्ये ते पांढरं म्हणजे बहुतेक मेलेली कातडी, स्राव नाहीतर बॅक्टेरिया. फाटलेल्या पराची चिंता सोडा, मुळापर्यंत चिरला नसेल तर तो परत भरून येतो.

पाणी आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) 1.025 च्या आसपास, तापमान 25-26, पीएच 8.1 ते 8.4. खाऱ्या पाण्याचा पीएच मुळातच चढा असल्यामुळे थोडासा अमोनियासुद्धा जास्त विषारी ठरतो, जखमी माशाला तर नकोच. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) मध्यंतरी कॅलिब्रेट केला नसेल तर आधी तो करा. आणि हवा वाढवा, पॉवरहेडचं तोंड थोडं वर करा म्हणजे पृष्ठभाग हलेल, एअरस्टोन असेल तर सोडा. 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि समुद्री पाण्यात 6.7 च्या आसपासच, त्यामुळे ज्याचे कल्ले दुखतायत त्याला प्रत्येक बुडबुडा कामाचा. पाणी बदलायचं तर 15-20 टक्के, तापमान आणि सॅलिनिटी जुळवून, एका दमात अर्धा टँक रिकामा करू नका. पॉवरहेडला जाळी किंवा स्पंजचं कव्हर बसवा, आणि लाईट एक-दोन दिवस मंद ठेवा.

मग त्याला हलवायचं का? श्वास शांत असेल, ठिपके नसतील, जखम पसरत नसेल आणि कोणी छळत नसेल तर नाही. दगड उचकून, जाळी घेऊन, अख्खा टँक ढवळून त्याला पकडण्यात जेवढी दमछाक होईल तेवढी जखमेनेही झाली नसेल. पण रात्री, लाईट गेल्यावर अर्ध्या तासाने, मंद लाल उजेडात बघा कोण कोणाला हाकलतंय. क्लाऊनची मादी आपल्या कोपऱ्यासाठी भलती आक्रमक होते, आणि ग्रामाही आपल्या बिळाजवळ कोणाला फिरकू देत नाही. छळ होत असेल तर टँकमध्येच भोकं असलेला पारदर्शक डबा लटकवून त्यात त्याला ठेवा, पाणी तेच, ओळखीचं, आणि कोणी टोचा मारणार नाही.

हलवावंच लागलं तर हॉस्पिटल टँक नाही म्हणून अडायचं कारण नाही. साबण न लागलेला 60-80 लिटरचा प्लास्टिकचा टबही चालतो. हीटर, स्पंज फिल्टर, एअरस्टोन, लपायला पाइपाचे दोन-तीन तुकडे, वरून झाकण कारण टँग उडी मारतो. वाळू नाही, दगड नाही. पाणी मुख्य टँकच्या तापमानाचं आणि सॅलिनिटीचं. खरी मेख अमोनियाची आहे, नव्या टबमध्ये बॅक्टेरिया नसतात, म्हणून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जुना स्पंज पडला असेल तर तो टाका, नाहीतर बाटलीतले बॅक्टेरिया घाला, आणि अमोनिया रोज तपासा, चढला की पाणी बदला. हॉस्पिटल टँकमध्ये मेलेले बरेच मासे आजाराने नाही, अमोनियाने मेलेले असतात. आणि एक धोका लेबलवर बारीक अक्षरात असतो, टबमध्ये कॉपर चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनर घालू नका, काही प्रकारच्या कॉपरबरोबर ती मिळून पाणी एकदम विषारी होतं.

पकडताना जाळी नको. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना ब्लेडसारखा पांढरा काटा असतो, तुमचं बोट त्यानेच कापलं, तोच जाळीत गुंततो आणि मासा अजून फाटतो. अंधारात तो झोपलेला असताना पारदर्शक डब्यात हळूच घ्या, पाण्यासकट.

मीठ कमी करायचा जो सल्ला मिळाला त्यात तथ्य आहे, पण टबमध्ये. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर खेचलं जात असतं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, हे काम त्याचं दिवसरात्र चालू. कातडी फाटली म्हणजे माठाला तडा गेला, पाझर वाढला. बाहेरचं पाणी थोडं कमी खारट केलं, 1.018 ते 1.020, तर पाझर कमी होतो आणि ती ताकद जखम भरायला वापरता येते. मुख्य टँकमध्ये हे केलं तर श्रिम्प आणि कोरल सोसणार नाहीत. आणि परत वर नेताना मात्र सावकाश, दिवसाला 0.001-0.002 एवढंच, उतरणं माशाला जमतं, चढणं जड जातं.

गोड्या पाण्याची डुबकी मी आज तरी देणार नाही. ती अंगावरचे फ्लूक (चपटे परजीवी किडे) पाडायला चांगली, वेल्वेटमध्ये थोडा वेळ आराम द्यायलाही, तापमान आणि पीएच जुळवून, हवा सोडून, जेमतेम 5 मिनिटं, पण उघड्या जखमेवर आणि फुगलेल्या डोळ्यावर हा प्रयोग कशाला.

समजा वेल्वेट निघाला. मग त्याच दिवशी टबमध्ये हलवा आणि कॉपर सुरू करा, चिलेटेड प्रकारचं असेल तर साधारण 2.0 ते 2.5 पीपीएम, आयनिक प्रकारचे आकडे वेगळे आणि बरेच कमी असतात, त्यामुळे लेबल वाचा, त्या प्रकाराला चालणारा टेस्ट किट घ्या आणि अंदाजाने ओतू नका. इच असेल तर थोडी उसंत आहे, डोस दोन-तीन दिवसांत हळू चढवा. कॉपरने टँगची भूक मंदावते हे धरून चाला. पण एक कडू गोष्ट, दोन्हीपैकी काहीही निघालं तरी एकटा टँग काढून भागत नाही, सगळे मासे बाहेर, सगळ्यांवर उपचार, आणि मुख्य टँक माशांविना रिकामा. इचसाठी या छंदात बरेच जण 76 दिवस धरतात. श्रिम्प आणि कोरल आतच राहू देत, त्यांना हा रोग होत नाही. क्लीनर श्रिम्प ठिपके खाऊन मासा बरा करतो हा समज मात्र सोडून द्या, एखादा टिपेल, टँक साफ होणार नाही. लसणाच्या रसाचंही तेच, भूक लागायला मदत झाली तर झाली, परजीवी त्याने मरत नाहीत.

जखम पसरायला लागली तर अँटिबायोटिक, तेही टबमध्ये आणि शक्यतो माशांचं बघणाऱ्या पशुवैद्याला विचारून. कुठलं औषध कुठे चिठ्ठीशिवाय मिळतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. सुरू केलंत तर कोर्स पुरा करा, आणि मनाने तीन औषधं एकत्र करू नका.

खाण्यासाठी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा तो लपलाय त्या दगडाजवळच क्लिपला लावा, दोन-तीन तासांनी न खाल्लेला काढून टाका. एक-दोन दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका, पण टँग हा दिवसभर चरणारा मासा, लवकर उतरतो. पोट आत गेलंय का आणि डोक्यामागची पाठ धारदार दिसायला लागलीये का बघा. नोरीवर एक चोच जरी मारली तरी अर्धी लढाई जिंकलात.

बोट विसरले असाल तर आठवण करतो. साबणाने नीट धुतलंत ना? टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू असू शकतो, तो कापलेल्या जागेतून शिरतो आणि लगेच काही दाखवत नाही, काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ किंवा न भरणारी जखम होते. तसं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरी अक्वेरियम आहे, नाहीतर त्यांच्या डोक्यात ते लवकर येत नाही. आणि बोट बरं होईपर्यंत हातमोजा घालूनच हात घाला.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, बरेच जण विचारत नाहीत आणि मासा चार दिवस कोपऱ्यात आडवा पडलेला असतो. लपणं, न खाणं, डोळा फुगणं, यातलं काहीच थांबायचं कारण नाही. कुशीवर पडलाय, प्रवाहाने लोळतोय, हात जवळ नेला तरी सरळ होत नाही, श्वास तुटक झालाय आणि हे तास-दोन तास नाही तर दिवसभर तसंच आहे, तेव्हा मात्र ओढू नका. टँकचंच पाणी एका भांड्यात घेऊन त्यात मासा ठेवा, लवंग तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून दुधाळ करा, आधी थोडंसं हळूहळू सोडा, मासा निपचित झाला की उरलेलं भरपूर घाला. कल्ले थांबल्यावरही निदान अर्धा तास तसंच राहू द्या, कारण कल्ले थांबले तरी हृदय काही वेळ चालू असतं. जिवंत मासा फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा टॉयलेटमध्ये सोडणं अजिबात नको. पण तुमच्या वर्णनावरून आपण अजून तिथपासून खूप लांब आहोत असं मला वाटतं.

उद्या रात्रीपर्यंत मला परत लिहा, त्यात तिन्ही वेळेला मोजलेला श्वास, पाण्याचे आकडे आणि जखमेचे दोन दिवसांचे फोटो पाठवा. फोटो काढताना निळे लाईट बंद करून पांढरे ठेवा, निळ्यात मला ना ठिपके कळत ना लालपणा, आणि एक अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा ज्यात त्याचा कल्ला दिसेल, भले तो दगडामागून अर्धाच दिसू दे.